जमीन स्वस्त आहे म्हणून देश निवडू नका

परदेशात शेतीत पैसा घालून तिथलं पीक बाहेर न्यायचं, तर कोणता देश निवडावा, असं विचारत तुम्ही दोन देश समोर ठेवलेत. एकात सरकार हजारो हेक्टर जमीन नाममात्र भाड्याने द्यायला तयार आहे, पण तो देश स्वतःच धान्य आयात करतो. दुसऱ्यात जमीन महाग आहे, पण बंदर जवळ आहे आणि गरज भागून पीक उरतं. मी दुसरा निवडेन, आणि तिथेही जमीन विकत घेणार नाही.

पहिल्या देशात पीक येईलही, पण ते बाहेर नेता येईल का? भाव भडकले की सरकार आधी आपल्या लोकांच्या ताटाकडे बघतं, आणि ते योग्यच आहे. करारात निर्यातीची हमी असून उपयोग नाही. २००८ साली दक्षिण कोरियाची देवू लॉजिस्टिक्स मादागास्करमध्ये मका आणि पामतेलासाठी १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांसाठी घेणार होती. देशातल्या लागवडयोग्य जमिनीचा हा जवळपास निम्मा भाग, असं तेव्हा सांगितलं जात होतं. लोकांच्या मनात आधीच असलेल्या असंतोषात या बातमीची भर पडली. मार्च २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रावालोमानाना पायउतार झाले आणि नव्या सत्ताधाऱ्यांनी करार मोडीत काढला.

शिवाय 'रिकामी' म्हणून दाखवलेली जमीन बहुतेकदा कुणाची तरी चराई असते. नकाशावर ते दिसत नाही, म्हणून आधी गावांत जाऊन विचारा.

पीक उरतं म्हणूनही निर्धास्त राहू नका. इंडोनेशिया जगात सर्वाधिक पामतेल काढतो, तरी घरचं खाद्यतेल महागल्यावर एप्रिल २०२२ मध्ये त्याने निर्यात थांबवली. म्हणजे देशाइतकंच पीकही तपासायला हवं: तिथल्या गरिबाच्या रोजच्या जेवणात ते किती आहे?

जपानने हे फार आधी ओळखलं. १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात रोखली तेव्हा त्याची कोंडी झाली. मग त्याने ब्राझीलच्या सेराडो भागात कर्ज आणि संशोधनावर पैसा लावला. तिथली माती आम्लयुक्त; चुना घालून ती सोयाबीनला लायक करावी लागली. शेती बहुतांशी ब्राझीलच्या शेतकऱ्यांच्याच हाती राहिली. (तिथल्या मूळ वनराईने याची जबर किंमत मोजली, हेही विसरता येत नाही.) आज ब्राझील सोयाबीनचा सर्वांत मोठा निर्यातदार आहे, आणि जपानला खरेदीसाठी दुसरं दार मिळालं.

तुमच्या दुसऱ्या देशातही पैसा धान्य सुकवण्याची यंत्रं, गोदामं आणि बंदरापर्यंतची वाहतूक यांत घाला. शेतकऱ्यांशी खरेदीचे करार करा आणि मालाचा काही हिस्सा स्थानिक बाजारात विकायचं आधीच ठरवा. निर्यात बंद झाली तरी गोदाम चालू राहील. त्या सरकारने गेल्या पंधरा वर्षांत कधी, कशावर आणि किती दिवस निर्यातबंदी घातली, ते आदेश काढून वाचा. तुमचं पीक कोणतं, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.