समांतर बिल्ड अधूनमधून का फसते?

प्रश्न : आमच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या संचावर) ‘मेक -जे ६४’ ही एकाच वेळी ६४ पर्यंत कामे (जॉब) चालवून प्रोग्रॅम बांधणारी आज्ञा कधी यशस्वी होते, तर कधी मध्येच थांबते, एका वेळी एकच जॉब चालवल्यास मात्र बिल्ड (प्रोग्रॅमची बांधणी) नेहमी पूर्ण होते. दोष कुठे शोधावा?

उत्तर : आपल्या वर्णनावरून मेकफाइलमध्ये (कोणती फाइल कशापासून बनवायची हे मेकला सांगणाऱ्या फाइलमध्ये) एखादे अवलंबित्व (कोणत्या फाइलच्या आधी कोणती तयार हवी हे) नोंदवायचे राहिले असावे, असा संशय मी सर्वांत आधी घेईन, कारण क्रमाने काम चालताना योगायोगाने आधी तयार होणारी हेडर फाइल (इतर सोर्स फाइलींना लागणाऱ्या घोषणांची फाइल) समांतर कामात वेळेवर तयार असेलच असे नाही. ग्नू मेकच्या ४.४ या आवृत्तीपासून (२०२२) मिळणारा ‘शफल’ हा पर्याय कामांचा क्रम मुद्दाम बदलतो आणि असा लपलेला दोष लवकर उघड करतो. समांतर कामांच्या संदेशांची सरमिसळ होत असल्यास ‘आउटपुट-सिंक’ हा पर्याय जोडावा, म्हणजे मूळ त्रुटी शोधणे पुष्कळ सोपे जाते.

कंपायलर (सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) ‘किल्ड’ असा संदेश देऊन बंद पडत असेल, तर मात्र बहुधा मेमरी अपुरी पडत आहे. जॉबची संख्या नोडवरील (क्लस्टरमधल्या एका संगणकावरील) प्रोसेसरचे एकूण कोअर पाहून नव्हे, तर शेड्युलरने (क्लस्टरची साधने वाटून देणाऱ्या प्रणालीने) आपल्याला दिलेले कोअर आणि मेमरी पाहून ठरवावी. अधिक नोड मागून उपयोग होणार नाही, कारण मेक स्वतःहून आपली कामे दुसऱ्या नोडवर पाठवत नाही.