थँक्सगिव्हिंगसाठी (अमेरिकेतला सण) रताळ्याचं कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) करते, पण तळाशी पाणी सुटतं. काय चुकतंय?

रताळी उकडत असाल तर तिथेच चुकतंय. उकडताना ती पाणी पितात आणि तेच ओव्हनमध्ये सुटतं. केशरी गराची दीड किलो रताळी टोचे मारून, सालासकट २०० अंश सेल्सिअसला तासभर भाजा. सालातून चिकट पाक झिरपला की झाली. गरम गरातच ६० ग्रॅम लोणी घोटा. कोमट झाल्यावर २ अंडी (गरम गरात ती शिजून गुठळ्या होतात), अर्धा कप दूध, पाव कप ब्राउन शुगर, व्हॅनिला, मीठ. वर पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा), मैदा, साखर आणि लोणी यांचा चुरा. १८० अंशांवर ३५ मिनिटं. मार्शमेलो (साखरेची मऊ, फुगीर मिठाई) हवेतच? मग चुरा वगळा आणि ते शेवटच्या ५ मिनिटांतच घाला, नाहीतर करपतात.