ब्रेक फेल होण्याआधी : मालवाहू गाड्यांच्या अपघातांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नुकताच दहाचाकी चालवायला लागलोय. खांबाटकीचा बोगदा ओलांडून खंडाळ्याकडे उतरताना जुने चालक गाडी न्यूट्रल करायला सांगतात. डिझेल वाचतं म्हणतात. मग उतारावर इतके ब्रेक फेल का होतात? (एक चालक, सातारा)

सवय लागण्याआधी विचारलंत, हे फार बरं झालं. आपण ज्याला ब्रेक फेल म्हणतो, त्यात बऱ्याचदा काहीच तुटलेलं नसतं. ब्रेकचं लायनर चाकातल्या ड्रमला घासून गाडीचा वेग उतरतो आणि त्या वेगाची उष्णता होते. लांब उतारावर पाय ब्रेकवरच राहिला, तर ड्रम तापून पसरतो आणि लायनरची पकड सुटते. पेडल दाबलं जातं, गाडी मात्र पळतच राहते.

गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की हा आधार जातो आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. काही जण तर इंजिनच बंद करतात. जड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि इंजिन बंद म्हणजे ती हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. टाकीत उरलेल्या हवेवर मोजक्याच वेळा ब्रेक लागतो आणि स्टिअरिंगही जड होतं. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका जड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. साताऱ्याहून महामार्गाने पुण्याला जाणारी गाडी कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर तोच उतार उतरते.

डिझेल वाचतं, हेही आता खरं नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर डिझेल सोडणं थांबवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायलाच डिझेल जळतं.

उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. अर्ध्या उतारात टाकायला गेलात आणि पडला नाही, तर गाडी नेमकी न्यूट्रलमध्ये अडकते. भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये तो घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक) लावून ठेवा. पायाचा ब्रेक नुसता टेकवून ठेवू नका. वेग वाढला की ठाम दाबा, उतरला की पूर्ण सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि ड्रम आपोआप निवू द्या. तापल्या ड्रमवर पाणी ओतलं तर त्याला तडा जातो.

प्रश्न : माझ्या दोन गाड्या आहेत. पासिंगपेक्षा, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या वजनापेक्षा, दोन-तीन टन जादा भरले तरी गाडी सहज ओढते. त्याने अपघात कसा होईल? (एक वाहतूकदार, विटा)

ओढायचं काम इंजिनाचं, थांबवायचं काम ब्रेकचं आणि टायरचं. इंजिनात ताकद शिल्लक आहे म्हणून ब्रेकमध्ये ती येत नाही. त्यात वेगाचा हिशेब वेगळाच आहे. ताशी 40 ऐवजी 60 ने गेलात, तर थांबवताना सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. जादा वजन आणि जादा वेग एकत्र आले की लायनर कितीही नवं असो, ते पुरत नाही. माल उंच रचला असेल तर वळणावर गाडी कलंडते. रस्सी ढिली असेल तर माल एका बाजूला सरकतो आणि गाडीलाही तिकडे ओढतो.

दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पण मला दंडापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खुपते. भाडं टनावर ठरतं. जादा टन मालक आणि माल देणारा ठरवतात, आणि गाडी उलटली की गुन्हा चालकावर दाखल होतो. काट्यावर वजन केल्याशिवाय गाडी सोडू नका. हे तुमच्याच हातात आहे.

प्रश्न : माझे पती द्राक्षांची गाडी घेऊन रात्री मुंबईला जातात. सोबत दुसरा चालक नसतो. झोप येऊ नये म्हणून चहा आणि तंबाखूवर काढतात. मला फार काळजी वाटते. (एक वाचक, तासगाव)

ताई, तुमची काळजी रास्त आहे. ताशी 60 ने जाणारी गाडी डुलकीच्या तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते, आणि त्या पन्नास मीटरांत तिला चालवणारा कोणीच नसतो. पहाटे दोन ते पाचच्या सुमारास शरीर आपसूक झोपेकडे झुकतं. दिवसा माल भरण्यात उभं राहिलेल्या माणसाला ते आवरत नाही. चहाने थोडा वेळ तरतरी येते, झोपेची भूक भागत नाही. तंबाखूचंही तसंच.

कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांतीही आहे. बाजार गाठायच्या घाईत हे सगळं कागदावरच राहतं. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण थंड हवेत झोपेची उधारी फिटत नाही.

त्यांना एवढं सांगा : निघण्याआधी दुपारी झोपा. जांभया सलग येऊ लागल्या, मागचे काही किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पट्टा सोडू लागली, की लगेच पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांबून वीस मिनिटं डोळे मिटा. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबूनच गाडी काढा. आणि माल देणाऱ्याला तुम्हीच फोन करून सांगा की गाडी तासभर उशिरा पोचेल. घरची बाई बोलली की समोरचा ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : रिमोल्ड टायर (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेले) घातले तर चालतात का? (एक वाचक, मिरज)

चांगल्या ठिकाणी केलेले असतील तर मागच्या चाकांना चालतात. पुढच्या चाकांना नकोत, कारण तिथे टायर फुटला की स्टिअरिंग हातात राहत नाही. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदला. हवा नेहमी थंड टायरची मोजा.

प्रश्न : हंगामात रात्री दुचाकीवरून येताना उसाची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. चूक कोणाची? (एक वाचक, कराड)

बहुतेक वेळा ट्रॉलीवाल्याची. मोळ्या फाळक्याबाहेर लोंबतात आणि मागचा दिवा, रिफ्लेक्टर झाकून टाकतात. लाल रिफ्लेक्टिव्ह पट्टी शंभर-दीडशे रुपयांत येते, पण मोळ्यांआड गेली तर तिचा काही उपयोग नाही. ती बाहेर दिसेल अशीच लावा. तुम्हीही वेग इतकाच ठेवा, की तुमच्या दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल.

याहून घातक म्हणजे रस्त्यात बंद पडलेली गाडी. चालक मागे इशाऱ्याचा चमकणारा त्रिकोण ठेवण्याऐवजी दगड रचतो, आणि गाडी दुरुस्त झाली की दगड तिथेच सोडून निघून जातो. नंतर येणारा दुचाकीस्वार त्यांवर आदळतो. त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवा आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा. नाइलाजाने दगड लावलेच, तर गाडी सुरू करण्याआधी क्लीनरला खाली उतरवून ते सगळे कडेला काढून घ्या.