देवाची सेवा ‘उदारपणे’ की ‘हातचे न राखता’?

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या नावाने एक छोटी प्रार्थना कॅथलिक घरांत म्हटली जाते (त्यांच्या लेखनात ती सापडत नाही). तिच्या मराठी रूपात ‘प्रभू, तुझी उदारपणे सेवा करायला आणि किंमत न मोजता द्यायला मला शिकव’ असे लिहिणे बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. ‘उदारपणे’ आणि ‘किंमत न मोजता’ हे दोन्ही बदलावेत. दुसरा तर नक्कीच.

मराठीत ‘किंमत मोजणे’ म्हणजे झळ सोसणे. खरे बोलल्याची किंमत माणूस मोजतो ती नोकरी गमावून. त्यामुळे ‘किंमत न मोजता देणे’चा अर्थ होतो स्वतःला काही झळ न लागू देता देणे. प्रार्थनेला नेमके याच्या उलट म्हणायचे आहे. ‘हिशेब न मांडता’ किंवा ‘किती गेले ते न मोजता’ म्हटले की अर्थ सरळ होतो.

‘उदार’ चुकीचा नाही, पण त्यात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो. राजा उदार होतो, धनको उदार होऊन व्याज सोडतो. ऋणको उदारपणे कर्ज फेडतो असे आपण म्हणत नाही. देव माणसावर उदार होतो, माणूस शेजाऱ्यावर होऊ शकतो. ज्याच्याकडून सगळे मिळाले त्याच्यावर उदार होणे कानाला खटकते. ‘मोठ्या मनाने’चीही तीच अडचण: मोठ्या मनाने आपण माफ करतो. इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला (पोप तिसरे पॉल यांची मान्यता, 1548) आरंभी सूचना जोडल्या आहेत. त्यांतल्या पाचवीत याच संदर्भात ‘लिबेरालिदाद’ हा स्पॅनिश शब्द आहे, आणि लगेच पुढे स्वतःची सारी इच्छा व स्वातंत्र्य देवाला देऊ करण्याची गोष्ट आहे. भर आहे तो काहीच मागे न ठेवण्यावर.

त्यासाठी मराठीत ‘हातचे न राखता’ तयारच आहे. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी’ या म्हणीतले ‘हातचे’ म्हणजे आपल्या ताब्यातले. गुरू हातचे न राखता शिकवतो, म्हणजे एखादी खुबी स्वतःपाशी ठेवत नाही. हा प्रयोग देणे, शिकवणे, राबणे, सेवा करणे अशा क्रियापदांबरोबर शोभतो. ‘रोजरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) हातचे न राखता बसला’ चालणार नाही. तिथे ‘मन लावून’ हवे. मिस्सेतल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) दानासाठी ‘सढळ हाताने’ उत्तम, पण तो पैसा, धान्य, तूप यांचा शब्द आहे. आजाऱ्याजवळ रात्र जागवणे सढळ हाताने होत नाही. ‘निःसंकोचपणे’ तर टाळावाच. तो भीड जाण्याचा शब्द आहे.

या प्रयोगाची बायबलमधली सर्वांत चपखल जागा प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5. हनन्या आणि सप्पीरा जमीन विकून आलेल्या पैशांतले काही हातचे राखतात आणि सगळे दिल्याचे भासवतात. प्रेषित पेत्र हनन्याला सांगतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता. दोष आहे तो खोटेपणाचा. मार्क 12 मधली विधवा दोनच नाणी टाकते, पण तिच्याबाबतीत ‘सढळ’पेक्षा ‘हातचे न राखता’ जास्त खरे, कारण तिची उपजीविकाच त्यात होती.

हा शब्द ऐकून कुणी रोजची संध्याकाळ चर्चच्या कामांत घालवू लागेल आणि घरची म्हातारी माणसे एकटी पडतील, तर शब्दाचा अर्थ चुकला. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी 1609 मध्येच लिहिले आहे की बिशपाची, कारागिराची आणि संसारी बाईची भक्ती एकाच साच्याची नसते. हातचे राखायचे नाही ते आपल्या वाट्याला आलेल्या कामात: सासूला वेळेवर औषध देण्यात, मजुराला ठरलेली मजुरी त्याच दिवशी चुकती करण्यात.

वाक्य असे सुचवतो: ‘प्रभू, हातचे न राखता तुझी सेवा करायला आणि हिशेब न मांडता द्यायला मला शिकव.’