एनिग्मा-२ बॉक्सवर मराठी नावं: चौकोन जातात, ‘सह्याद्री’ मात्र मोडतो

तुमचा प्रश्न असा: व्हीयू प्लस सॅटेलाइट बॉक्सवर ओपनपीएलआय (एनिग्मा-२ सॉफ्टवेअर वापरणारी सिस्टिम) टाकलंय, आईसाठी चॅनलची नावं मराठीत केलीत आणि टीव्हीवर नुसते चौकोन दिसतायत, तर सिस्टिमचा फॉन्टच बदलावा का?

मूळ फॉन्ट बदलू नका, त्याला जोडीदार द्या. चौकोन दिसतो म्हणजे चालू फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. मी सुरुवातीला मूळ फाइलवर त्याच नावाने देवनागरी फॉन्ट डकवला होता. मराठी आलं, पण इंग्रजी मेन्यूतले अर्धे शब्द उजवीकडे कापले गेले, कारण स्किनमधल्या, म्हणजे पडद्यावरच्या मेन्यूच्या मांडणीतल्या, चौकटी मूळ फॉन्टच्या रुंदीने आखलेल्या असतात.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा मुक्ता फॉन्ट घ्या, मोफत आहे. त्याची रेग्युलर वजनाची टीटीएफ (फॉन्टची) फाइल एफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, बॉक्सच्या यूएसआर, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स या फोल्डरात टाका. मग शेअरमधल्याच एनिग्मा-२ फोल्डरात तुमच्या स्किनची स्किन डॉट एक्सएमएल फाइल शोधा. आधी तिची कॉपी पीसीवर काढा, हे विसरू नका! त्यात फॉन्ट्सच्या भागात एका ओळीला ‘रिप्लेसमेंट’ समोर १ लिहिलेला दिसेल. मुख्य फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर बॉक्स या फॉन्टकडे वळतो. बहुतेक वेळा तिथे अरबी फॉन्ट असतो. जागा एकालाच आहे, म्हणून नवी ओळ न घालता तिथलंच फाइलचं नाव बदला. अरबी नावं मग चौकोनी होतील. आमच्याकडे अजून कुणी तक्रार केलेली नाही. शेवटी टेलनेटवर (पीसीवरून बॉक्सला आज्ञा द्यायची सोय) इनिट ४, मग इनिट ३ द्या, म्हणजे एनिग्मा-२ बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मात्रा वरून कापल्या जात असतील तर त्याच ‘रिप्लेसमेंट’च्या ओळीतला स्केल १०० वरून ८५-९० करा. स्किनचं अपडेट आलं की ही ओळ पुन्हा लिहावी लागते.

आता खरी गोम. ‘झी मराठी’ झकास दिसेल. ‘सह्याद्री’ लावून बघा: ह आणि द पाय मोडून सुटे उभे, शेजारी अख्खे य आणि र. ‘फिल्मी’ची पहिली वेलांटी फ सोडून ल च्या डोक्यावर जाऊन बसते. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर साठवतात. ती उचलून आधी मांडणं आणि जोडाक्षर घडवणं हे हार्फबझसारख्या सॉफ्टवेअर लायब्ररीचं काम. माझ्या बॉक्सवरचा एनिग्मा-२ फ्रीटाइप या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीकडून एकेक अक्षर काढून घेतो आणि ओळीने मांडतो. त्यामुळे मुक्ता, लोहित, नोटो, काहीही टाका, मोडतोड तीच. मी तिन्ही टाकून एक रविवार घालवलाय.

म्हणून ज्या नावांत जोडाक्षर किंवा पहिली वेलांटी नाही तेवढीच मराठीत ठेवा. आमच्या यादीत ‘सह्याद्री’ इंग्रजीतच आहे. आई तसंही आकडा दाबूनच लावते.