‘आशियाई पुरुषांना धोका कमी’ म्हणून पीएसए चाचणी टाळावी का?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत प्रोस्टेटचा कर्करोग कृष्णवर्णीयांना अधिक आणि आशियाई वंशाच्या लोकांना कमी होत असेल, तर आपल्या लोकांनी पीएसए चाचणी (प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कर्करोगाची शंका दाखवणारी रक्तचाचणी) करावी का. याच ‘आशियाई लोकांना कमी’पायी आमच्या दादांची दोन वर्षे गेली, म्हणून लिहितो आहे.

आकडे खोटे नाहीत. अमेरिकेत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे, आणि असे असूनही तपासणीचे नियम ज्यांच्या आधारे ठरले त्या दोन मोठ्या अभ्यासांपैकी अमेरिकेतल्या अभ्यासात कृष्णवर्णीय जेमतेम ४ टक्के होते, तर दुसरा युरोपातच झाला. आपल्याकडचा कमी आकडा मात्र मी थोडा संशयानेच वाचतो, कारण सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग शोधतात, प्रोस्टेटचा शोधत नाहीत, आणि जे शोधले नाही ते नोंदवहीत येणार कुठून?

इंदूरच्या रामबागेत राहणारे आमचे दादा रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला हटकून जात. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांनी ते सोडले, कारण तासाभरात दोनदा लघवीला जावे लागे आणि त्या गर्दीत जायचे कुठे, हा प्रश्न असे. मी पीएसए करा म्हणालो. घरच्या डॉक्टरांनी वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथी वाढते म्हणून गोळ्या दिल्या, आणि न्यू जर्सीच्या मेहुण्यांनी फोनवर ‘एशियन लोकांना रिस्क कमी असते’ असे ठणकावून सांगितले. दादांनी धाकट्या भावापेक्षा अमेरिकेतल्या मेहुण्यांचे ऐकले. दोन वर्षांनी कंबरदुखी हटेना म्हणून चाचणी केली, तेव्हा पीएसए तीन आकडी, म्हणजे फारच जास्त निघाला आणि बोन स्कॅनमध्ये रोग मणक्यांपर्यंत गेलेला दिसला. आता दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते. काही शे रुपयांची चाचणी वंशाकडे बोट दाखवून टाळणे हा शुद्ध आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे आधीच सांगायला हवे होते की दादांना त्रास होता, त्यामुळे त्यांची चाचणी निदानासाठी होती. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१२ साली पीएसए नको म्हटले होते, आणि २०१८ साली ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, असे सुचवले. जंतुसंसर्गानेही पीएसए वाढतो, आणि जन्मभर त्रास न देणाऱ्या मंद गाठींवर विनाकारण उपचार होतात, हेही खरे आहे.

मेहुणे आजही याच शेवटच्या मुद्द्यावर अडून बसतात. ते स्वतः पन्नाशीपासून दरवर्षी पीएसए करवून घेतात, हे मात्र गेल्या दिवाळीत ताईच्या बोलण्यातून निघाले.