पहिला वॉक: ओव्हल मैदानच घ्या

जुन्या इमारतींच्या शैली ओळखायला शिकण्यासाठी हेरिटेज वॉकची सुरुवात मुंबईपासून करताय, उत्तम! फक्त गेटवे ते सीएसएमटी एकाच दिवसात उरकू नका. नवे लोक तिथेच दमतात आणि लक्षात काहीच राहत नाही. ओव्हल मैदान पुरेसं आहे. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दोन्ही १८७८ची, गॉथिक शैलीतली, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच मनोरे. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे साध्या भौमितिक रेषा आणि गोलाकार कोपऱ्यांच्या इमारती.

- डेको सकाळी बघा, गॉथिक दुपारी चारनंतर. उलट केलंत तर दर्शनी बाजू सावलीत असते.
- आधी मैदानाच्या कडेने अख्खी इमारत बघा, मग जवळ जा. खिडक्यांवरचे छज्जे, गोलाकार बाल्कन्या, फाटकांवरची नक्षी तेव्हाच दिसते. डेको इमारतींत लोक राहतात, त्यामुळे आवारात विचारल्याशिवाय शिरू नका.

या शैलींवरचं व्याख्यान ऐकायचं असेल, तर वॉकनंतर ऐका. पाहिलेली कमान पटकन कळते. शैलींची नावं सावकाश येतील.